तेरा वर्षांची मुद्रितं

नोव्हेंबर २०२१ मधला एक शुक्रवार. मी ओट्यापाशी चहा गाळत होते. सात वाजून बारा मिनिटांनी मोबाइल वाजला, फास्टॅगमधून टोल कापल्याचा मेसेज. गाडी माझ्या नावावर, म्हणून फास्टॅगला नंबरही माझाच. त्याच वर्षी फेब्रुवारीत फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा तो मीच काढला होता. घरातली कागदाची कामं माझ्याकडे असायची. मेसेजवर अर्धवट नजर टाकली. 'खेड' एवढंच वाचलं. नवरा पहाटे नाशिकला निघाला होता आणि नाशिकच्या रस्त्यावर खेड लागतंच, राजगुरुनगरचं. मी मोबाइल पालथा ठेवला.

साडेआठच्या सुमारास दुसरा मेसेज आला. त्यात आनेवाडी होतं.

आनेवाडी नाशिकच्या वाटेवर नाही. ती साताऱ्याच्या अलीकडे आहे. मी पहिला मेसेज पुन्हा उघडला. खेड-शिवापूर.

माझं काम मुद्रितशोधनाचं, म्हणजे छपाईआधीच्या कच्च्या प्रती, मुद्रितं, वाचून चुका काढायचं. अर्धा शब्द वाचून उरलेला मनानं पुरा करायचा नाही, हे मला पहिल्याच महिन्यात शिकवलं गेलं होतं. वीस वर्षं मी ते पाळत आले होते, छापील कागदावर.

पहिली शंका सांगलीची आली. सासूबाई तिथे एकट्या राहतात. वाटलं, त्यांना काही झालं असेल आणि मला घाबरवायला नको म्हणून हा नाशिक सांगून गेला असेल. दोन्ही मेसेज समोर असतानासुद्धा मी त्याच्या चांगुलपणाचंच कारण शोधत होते. सांगलीला फोन लावला.

"आई, बऱ्या आहात ना?"

"मला काय धाड भरलीय! का गं, सकाळी सकाळी?"

"सहजच. तुमचा लेक आलाय का तिकडे?"

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "नाही गं." आणि पुन्हा थांबून, "वेळेवर जेवून घे."

दुपारपर्यंत मी तासवडेच्या टोलची वाट पाहिली. सांगलीला जाताना आम्ही नेहमी तो नाका ओलांडायचो, कराडच्या अलीकडचा. तो मेसेज आला नाही. गाडी आनेवाडी आणि तासवडे यांच्यामध्ये कुठेतरी थांबली होती. रविवारी रात्री नवरा घरी आला आणि त्यानं लेकीच्या हातात नाशिकच्या चिवड्याचं पाकीट दिलं.

ते पाकीट मला अजून दिसतं. तसलं पाकीट पुण्यात कुठल्याही दुकानात मिळतं. टोलचे मेसेज यंत्रानं पाठवलेले होते, त्यांना कुणाला फसवायचं नव्हतं. चिवडा मात्र त्यानं दुकानात उभं राहून, आठवणीनं, पैसे मोजून घेतला होता. पुढे त्यानं सगळं कबूल केलं, रडलाही, तरी मला त्या चार वर्षांपेक्षा चिवड्याचा राग जास्त काळ पुरला.

होय, चार वर्षं. त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलेला आकडा. त्या बाईबद्दल मी इथे लिहिणार नाही. तिच्याविषयी मला जे जे वाटायचं होतं ते वाटून झालं.

नवरा जातो तेव्हा पुढचं आयुष्य जातं, असं लोकांना वाटतं. सांत्वनाला आलेलं प्रत्येक माणूस पुढचंच बोलत होतं: पुढे काय करणार, पोरीचं पुढे कसं, अजून वय आहे. माझी अडचण मागची होती. २००८ मध्ये आमचं लग्न झालं. २०२१ पर्यंतची तेरा वर्षं माझ्या मते मी जगले होते. आता त्यातली शेवटची चार वर्षं दुसऱ्याच कुणाची तरी निघाली. त्या चार वर्षांत मी खाल्लेलं जेवण, केलेले प्रवास, लेकीचे वाढदिवस, कोविडमध्ये दार लावून काढलेले ते महिने, या सगळ्यात माझ्या शेजारी बसलेला माणूस काय विचार करत होता ते मला ठाऊक नव्हतं. आणि चार वर्षांबद्दल जर मी इतकी चुकू शकते, तर आधीच्या नऊ वर्षांची खात्री कुणी द्यायची?

मग मी मुद्रितं वाचायला घेतली. दुसरा शब्द मला सुचत नाही. मुद्रितं वाचताना आम्ही ओळीखाली पट्टी धरतो, म्हणजे पुढची ओळ डोळ्याला दिसत नाही आणि मजकुराच्या ओघात वाहून जायला होत नाही. ओघात गेलं की चूक सुटते. त्यामुळे कथा कितीही रडवणारी असो, मुद्रितशोधक रडत नाही. तो काना, मात्रा, अनुस्वार पाहतो. मी माझा संसार असा वाचला. रात्री लेक झोपली की बँकेची जुनी विवरणं, फोटो, विमानाची तिकिटं, माझ्याच डायऱ्या. २०१८ च्या दिवाळीत तो उशिरा का आला? कोल्हापूरला लग्नाला गेलो तेव्हा येताना साताऱ्यात त्यानं गाडी बाजूला घेऊन 'जरा पाय मोकळे करतो' म्हटलं होतं, ते कुठे? प्रत्येक फोटोतल्या त्याच्या चेहऱ्याखाली पट्टी धरायची आणि चूक शोधायची. सापडायची. शोधायला बसलं की सापडतेच.

सगळ्यात जास्त वेळा मी वेळासचा फोटो काढून पाहिला असेन. मार्च २०१९. रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं वेळास, नाना फडणवीसांचं गाव. ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी तिथली माणसं कुंपणात जपतात, पिल्लं बाहेर आली की सकाळ-संध्याकाळ वाळूवर सोडतात, आणि आपण दोरीच्या अलीकडे उभं राहून ती समुद्राकडे जाताना पाहायची. लेक सहाव्या वर्षात होती. फोटोत ती आणि मी आहोत, मागे सुरूची झाडं, आणि खूप लांब, किनाऱ्याच्या टोकाला, पाठमोरा एक माणूस कानाला फोन लावून उभा. गावात तेव्हा रेंज नीट मिळत नव्हती. तो रेंज शोधत गेला होता. तेव्हा मी म्हणाले होते, ऑफिस याला इथेही सोडत नाही. त्या फोटोतला तो अंगठ्याएवढा माणूस मी मोठा करून करून पाहायचे, ओठ दिसतील म्हणून.

असं दीड-दोन वर्षं चाललं. हे कुणाला सांगितलं नव्हतं.

बाकीची कामं चालूच होती, ती करावीच लागतात. एका गोष्टीबद्दल मात्र लिहायलाच हवं, कारण ती कुणी बोलत नाही. फसवणूक कळल्यावर मैत्रिणी वकिलाचा नंबर देतात. तपासणी करून घे म्हणून कुणी सांगत नाही. मला माझ्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, मान खाली घालून, जणू त्यांचाच अपराध होता. सरकारी रुग्णालयांत एकात्मिक समुपदेशन आणि चाचणी केंद्र असतं. तिथे एचआयव्हीची तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त राहतं. पहिल्या वेळी रांगेत मी पदर, म्हणजे खरं तर ओढणी, तोंडावर घेऊन बसले होते. अहवाल निगेटिव्ह आला. अलीकडचा संसर्ग लगेच दिसत नाही म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं. त्या तीन महिन्यांत मला पहिल्यांदा कळलं की हा फक्त मनाचा मामला नव्हता. माझ्या शरीराबद्दलचा निर्णय मला न विचारता कुणीतरी घेतला होता. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा ओढणी खांद्यावरच होती. हे वाचणाऱ्या कुणाला गरज असेल तर जा. लगेच जा.

कायद्याबाबत तर इतके सल्ले मिळाले! दादा म्हणाला, दोघांवर केस टाक, आत जातील. आत कुणी जात नाही. भारतीय दंडसंहितेचं व्यभिचाराबद्दलचं ४९७ वं कलम २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. आणि ते होतं तेव्हाही बायकोला त्याचा उपयोग नव्हता. तक्रार करायची ती त्या दुसऱ्या बाईच्या नवऱ्यानं, जणू बायको ही त्याची वस्तू आणि चोरी त्याच्या घरात झालेली. फसवल्या गेलेल्या बाईला त्या कलमात जागाच नव्हती. ते गेलं याचं मला, माझी अवस्था तशी असतानाही, वाईट वाटलं नाही. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण मात्र हिंदू विवाह कायद्याच्या १३ व्या कलमात आजही आहे. पण ते सिद्ध करायचं म्हणजे साक्षीपुरावे, उलटतपासणी, वर्षानुवर्षं तारखा. वकीलबाईंनी मला सरळ विचारलं, "तुम्हाला घटस्फोट हवाय की निकाल हवाय?"

मला निकाल हवा होता. तरी मी घटस्फोट म्हटलं, लेकीकडे पाहून.

परस्पर संमतीचा घटस्फोट, म्हणजे '१३ ब', हा आपल्याकडे १९७६ च्या दुरुस्तीनं आला. आधी किमान एक वर्ष वेगळं राहायचं, मग दोघांनी मिळून अर्ज करायचा, मग सहा महिने थांबायचं. ते सहा महिने न्यायालय काही अटींवर माफ करू शकतं असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलंय, पण आमचं त्या अटींत बसत नव्हतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये अर्ज केला, ऑगस्टमध्ये हुकूम मिळाला. अर्जाचा मसुदा वकीलबाईंनी मला वाचायला दिला तेव्हा सवयीनं मी पेन काढून तीन दुरुस्त्या केल्या, दोन ऱ्हस्व-दीर्घाच्या आणि एक पत्त्यातली. चौथी करायची फार इच्छा झाली. मजकूर असा होता की उभयतांमध्ये मतभेद झाले, ते एकत्र राहू शकले नाहीत, आणि विवाह संपुष्टात आणण्यास दोघांचीही स्वखुशीनं संमती आहे. 'उभयतांमध्ये मतभेद'. एवढंच. सातारा नाही, चार वर्षं नाहीत, चिवडा नाही. आमच्या लग्नाचा सरकारदप्तरी जो शेवटचा कागद आहे, त्यावर जे घडलं त्यातला एकही शब्द नाही, आणि खाली माझी सही आहे.

मी सही केली ती योग्यच केली, असं आजही मानते. पण त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन ओट्याला टेकून उभी राहिले आणि वाटलं, आता हे कुणाला माहीत राहणार? आईनं विचारलं नाही काय झालं ते. "तू बस, मी खिचडी टाकते," म्हणाली. त्या दोन वर्षांत मला मिळालेला सगळ्यात चांगला सल्ला तोच.

त्याच सुमारास माझ्याकडे धर्मशास्त्रावरच्या एका जुन्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. तिथे 'घटस्फोट' भेटला, त्याच्या मूळ अर्थानं. घट म्हणजे घागर. पतित ठरवलेल्या, जातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या नावानं नातेवाईक जमायचे, दासी पाण्यानं भरलेला घट पायानं लवंडायची, माणूस मेल्यावर करतात तसं. आणि मग सगळे त्याचं सुतक पाळायचे. तो माणूस तिकडे जिवंत असायचा. त्याच्याशी बोलायचं नाही, बसायचं नाही, वाटणी द्यायची नाही. हा घटस्फोट. लग्न मोडण्यासाठी हा शब्द कुणी आणि का उचलला असेल, या विचारानं मी पट्टी खाली ठेवली.

कारण मला तो अर्थ ओळखीचा होता. संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या सोसायटीत चौदा घरी व्हायचं. वेगळं राहायला लागल्यावर पहिल्या वर्षी चार घरून बोलावणं आलं. त्यातल्या एका घरी यजमानीणबाई कुंकवाचा करंडा घेऊन माझ्यापुढे आल्या आणि त्यांचा हात हवेत थांबला. त्या वाईट नव्हत्या. त्यांना खरोखर कळेना की मी सवाष्ण आहे की नाही. विधवेचं काय करायचं हे रूढीला ठाऊक आहे, चुकीचं का होईना. माझ्यासाठी तिच्याकडे खणच नव्हता. मी स्वतःच करंड्यात बोट बुडवलं आणि लावून घेतलं. त्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि तिळगुळाची वडी जरा मोठी दिली.

माझ्या आजीकडे दुसरा शब्द होता: काडीमोड. तिच्या माहेरी शेतावर कामाला येणाऱ्या बायकांपैकी कुणाबद्दल ती सांगायची, "तिची काडीमोड झाली, मग तिनं दुसरा दाल्ला केला," आणि पुढे भाताच्या लावणीचं बोलायला लागायची. गवताची काडी मोडायची, झालं. ब्राह्मणांच्या घरात बाईला सुटका नव्हती तेव्हा कितीतरी जातींमध्ये ही चाल होती, आणि १९५५ च्या कायद्यानंही अशा रूढीनं मिळणाऱ्या काडीमोडीला हात लावला नाही. कायद्यानं सगळ्यांना ती वाट यायला आपल्याकडे उशीर लागला: बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या काळी १९३१ साली, मुंबई प्रांतात १९४७ साली. शिकलेल्या लोकांनी नेमका घागर लवंडण्याचा शब्द निवडला आणि काडीचा गावाकडे ठेवला. मला कुणी विचारलं तर मी आता 'काडीमोड झाली' म्हणते. ऐकणारा दचकतो. दचकू दे.

काडी मोडली तरी कागद राहतातच. कर्जाच्या बाबतीत बँकेला घटस्फोटाशी काही घेणं नसतं; हप्ता दोघांच्या नावावर असेल तर बँक दोघांनाही धरते, म्हणून हक्कसोडपत्र आणि कर्जाची फेरमांडणी दोन्ही करावं लागलं. माझ्या भविष्य निधीवर, विम्यावर, ठेवींवर वारसदार म्हणून तोच होता. प्रत्येक ठिकाणी जाऊन ते बदलावं लागतं. पण मला खरं जड गेलं ते नाव. आपल्याकडे बाईच्या नावाच्या मधोमध नवरा बसलेला असतो. आडनाव पुसता येतं, पण ते मधलं नाव रोज, प्रत्येक सहीत, प्रत्येक अर्जात. पासपोर्टच्या अर्जात घटस्फोटित बाईला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही, हा बदल डिसेंबर २०१६ मध्ये झाला, तेवढं बरं. बाकी ठिकाणी राजपत्रात जाहिरात देऊन मी माझ्या वडिलांचं नाव परत मागून घेतलं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. राजपत्राचा तो कागद हातात आला तेव्हा मी पहिल्यांदा मोकळेपणी रडले, आणि त्या रडण्यात नवरा कुठेच नव्हता.

लेकीच्या नावात तिचे वडील आहेत आणि राहणार. ते मी कधी बदलायचा विचार केला नाही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात महाराष्ट्रात आईचं नावही लिहितात, वडिलांच्या आधी. ही बातमी तिनं वाचली, आणि जूनमध्ये नव्या वह्यांना कव्हर घालताना पाहिलं तर प्रत्येक लेबलवर तिच्या नावापुढे आधी माझं, मग त्याचं. मला न विचारता. मी वहीवर स्टिकर नीट दाबून बसवला.

मधे एक गोष्ट राहिली. हुकूम मिळाल्यावर महिन्याभरात, सप्टेंबर २०२३ मध्ये, सांगलीहून फोन आला.

"गौरी एकवीस तारखेला बसतायत. माझे गुडघे चालत नाहीत. तू येशील का?"

"आई, मी आता…"

"सून म्हणून नाही बोलावत. मुखवटे कुठल्या ट्रंकेत आहेत ते तुलाच ठाऊक आहे."

तो येणार नव्हता. तसं त्यांनी त्याला सांगितलं होतं.

गाडी माझ्याकडे राहिली होती, पण ती इतकी वर्षं तोच चालवायचा. माझा परवाना नुसता पाकिटात होता. उन्हाळ्यात मी शिकवणी लावून हात बसवून घेतला होता, तरी कात्रजच्या पलीकडे कधी गेले नव्हते. लेकीला शेजारी बसवून निघाले. खेड-शिवापूरला काठी वर झाली आणि पर्समध्ये मोबाइल वाजला. खंबाटकीचा घाट मी दुसऱ्या गिअरमध्ये, मागच्या ट्रकवाल्यांचे हॉर्न ऐकत चढले. आनेवाडीला पुन्हा वाजला. लेक म्हणाली, "आई, बघू का कुणाचा मेसेज?" म्हटलं, "टोलचा आहे. आपलाच." तासवडेलाही वाजला, आणि पेठ नाक्यावरून आम्ही सांगलीकडे वळलो.

गौर घरात सवाष्णीनं आणायची असते. सासूबाई विधवा, माझं हे असं. त्या दारात तांब्या घेऊन उभ्या राहिल्या, मी ज्येष्ठा घेतली, लेकीनं कनिष्ठा. "गौर आली, गौर आली," मी म्हटलं. "कशाच्या पावलांनी आली?" त्यांनी आतून विचारलं. आवाज भरून आला होता, पण त्यांनी प्रत्येक खोलीच्या उंबऱ्यावर विचारलं, एकही न गाळता.

रात्री मखरासमोर समई तेवत होती. त्या म्हणाल्या, "तू त्या दिवशी फोन केलास ना, तेव्हा मी समजले. खरं सांगू, त्याच्या आधीपासून शंका होती. इथे यायचा तेव्हा सारखा साताऱ्याला थांबून यायचा. मी विचारलं नाही." मी काही बोलले नाही. "मुलगा आहे," त्या म्हणाल्या.

त्या रात्री मला त्यांचा इतका संताप आला की झोप लागली नाही. त्यांनी दोन वर्षं आधी एक फोन केला असता तर? सकाळी उठून त्यांच्याच स्वयंपाकघरात पुरण शिजायला घातलं. त्या मोड्यावर बसून वेलची सोलत होत्या. मी त्यांना माफ केलं आहे की नाही, मला सांगता यायचं नाही. दर वर्षी मी जाते. त्यांच्या औषधांची यादी माझ्या मोबाइलमध्ये आहे. 'माफ केलंस का' हा प्रश्न लोक फार लवकर विचारतात, आणि मला वाटतं, बहुतेकदा स्वतःच्या सोयीसाठी विचारतात. तुम्ही 'हो' म्हटलंत की त्यांना पुन्हा तुमच्या घरी मोकळेपणी चहाला यायचं असतं.

त्यालाही मी भेटते. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तो लेकीला घ्यायला येतो, खाली उभा राहतो. तिच्याशी तो प्रेमानं वागतो. ते प्रेम खरं आहे. हे कळायला मला वेळ लागला, कारण माझी अजून जुनी सवय होती: एका पानावर चूक सापडली की पूर्ण फर्मा, म्हणजे एकत्र छापली जाणारी सगळी पानं, परत पाठवायचा.

पट्टी कधी सुटली, त्याचा नेमका दिवस मला सांगता येणार नाही. रात्रीची जुनी विवरणं काढणं आधी आठवड्यावर आलं, मग महिन्यावर. स्वयंपाकात हात आधी सुधारला. दीड वाटीऐवजी पाऊण वाटी तांदूळ घ्यायला डबा उघडताना विचार करावा लागेनासा झाला. एकदा लक्षात आलं की डोंबिवलीच्या मावशीकडे सांगितलेल्या एका गोष्टीत तो होता, २०११ मधल्या एका पावसाळी सहलीत, आणि गोष्ट सांगताना मी हसत होते. ती सहल चांगली झाली होती. तेव्हाही, आणि अजूनही.

या वर्षी मार्चमध्ये लेकीची मैत्रीण वेळासला निघाली होती. लेक आता बारा वर्षांची. रात्री माझ्या शेजारी आडवी पडून म्हणाली, "आपण गेलो होतो ना तिथे? मला काहीच नीट आठवत नाही. फोटो आहे?"

मी फोटो उघडून तिच्या हातात दिला. कितीतरी महिन्यांनी पाहत होते.

"सकाळचे सात वाजले असतील," मी म्हटलं. "टोपली उचलली तर खाली नऊ पिल्लं. काळी, एवढीशी. त्यातलं एक उलटंच चालायला लागलं, समुद्राकडे पाठ करून. तू रडायला लागलीस. तुला वाटलं ते हरवणार."

"मग?"

"हात लावायचा नसतो म्हणून सगळे नुसते बघत होते. ते थांबलं, जरा फिरलं, पुन्हा थांबलं. मग एक लाट लांबवर आली, तिचं पाणी त्याच्या तोंडाला लागलं आणि ते वळलं."

"गेलं?"

"गेलं. सगळ्यात शेवटी."

तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, मी करायचे तसाच. "हा मागे बाबा आहे?"

"हो."

"तो काय करतोय?"

"फोनवर बोलतोय."

"त्यानं पिल्लू नाही बघितलं?"

"नाही."

"आणि मी?"

"तू माझ्या कडेवर होतीस. आपण दोघींनी बघितलं."

तिनं थोडा वेळ फोटो पाहिला, मग मोबाइल माझ्याकडे दिला आणि विचारलं, पिल्लं सोडायची वेळ सकाळची चांगली की संध्याकाळची, मैत्रिणीला सांगायचं होतं. मी म्हटलं, सकाळची. ऊन वर येण्याआधी.